दक्षिणेकडं आठ तास

फाल्गुन उतरणीला लागला की आमच्या गल्लीत छोटे टेम्पो यायला लागतात. कुणाचा गावाकडून गहू, कुणाची ज्वारी, कुणाची हरभऱ्याची दोन पोती. टेम्पो मागं घेताना ड्रायव्हर ओरडतो, कुणाची तरी स्कूटर आडवी असते, मग त्या स्कूटरवाल्याचा शोध. हमालानं पोतं पाठीवरून उतरवलं की बारदानातून धुळीचा फुसकारा निघतो. घशात खाजणारी, गोडसर, उन्हात वाळलेल्या चिपाडाच्या वासाची धूळ. बाकीच्यांना त्या वासानं गाव आठवतं. मला होडी आठवते.

होडीचा आणि ज्वारीचा संबंध काय, असं कुणीही विचारील. संबंध मी आहे. जगातल्या ज्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, त्यांचा संबंध जोडायचा आणि दोन्हींची वाट लावायची, हे काम मी आयुष्यभर इमानानं केलंय.

तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. नदीचा उगमापासून मुखापर्यंतचा सगळा संसार फळ्यावर रंगीत खडूनं काढला. त्रिभुज प्रदेश काढताना तर वर्ग गप्प व्हायचा, इतकी माझी रेघ नाजूक. खाजण म्हणजे काय, हे मी पोरांना इतक्या तळमळीनं सांगायचो की जणू माझं बालपण तिथंच गेलंय. आणि निवृत्त होईपर्यंत मी होडीत पाय ठेवलेला नव्हता. ठेवणार कुठं? आमच्या शहरातून खाम नदी वाहते म्हणतात. तिच्यात होडी घालायची तर आधी नदी घालावी लागेल.

आमचं पाण्याशी नातं नळापुरतं. आणि नळ आठव्या दिवशी येतो. म्हणजे यायचा असतो. तो कधी सातव्याला येतो, कधी दहाव्याला, जावयासारखं त्याच्या मनावर आहे. पण आठवा दिवस म्हणजे पाण्याचा दिवस, आणि त्या दिवशी घरातल्या बाईनं घर सोडायचं नाही, हा आमच्याकडचा अलिखित कायदा. माझ्या बायकोनं, कुसुमनं, सख्ख्या मावसबहिणीच्या लग्नात अक्षता टाकल्या आणि पंगतीला न बसता रिक्षा करून ती घरी आली, कारण पाण्याचा दिवस होता. मी जेवून आलो. जिलबी चांगली होती, हेही मी तिला सांगितलं. तेव्हा माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

मी सांगतोय त्या वर्षी तिच्या माहेरची जमीन गेली. शेंद्र्याच्या पलीकडं, कारखान्यांसाठी. गेली म्हणजे रीतसर गेली, सगळ्या शिवाराचीच गेली, त्यात भांडणतंटा काही नाही. एके दिवशी मोजणीवाले आले, खुणेचे दगड रोवले आणि म्हणाले, उभं पीक तेवढं काढून घ्या. रब्बीची ज्वारी हुरड्यात होती. कुसुमचा धाकटा भाऊ भास्कर, तो ती जमीन करायचा. त्यानं ते पीक लेकराला न्हाऊ घालावं तसं काढलं, असं गावातले लोक सांगतात. मी गेलो नव्हतो. मला खळ्यावर शिंका येतात.

कुसुम रडली वगैरे नाही. एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता म्हणाली, “कुठंतरी जाऊ.”

“कुठं?”

“जिथं पाणी लई हाय तिथं. डोळे भरून बघू एकदा.”

मी भूगोलाचा मास्तर. असा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मनापासून विचारला होता. मी नकाशा काढला, केरळच्या किनाऱ्यालगत बोट ठेवलं आणि अलप्पुळापासून कोल्लमपर्यंत खाली ओढलं. किनाऱ्याच्या आतल्या अंगाला, समुद्राला धरून, कालवे आणि सरोवरं एकमेकांत गुंफलेली. सकाळी होडीत बसायचं, दिवसभर दक्षिणेकडं जायचं, दिवेलागणीला उतरायचं. आठ तास नुसतं पाणी. कुसुम नकाशाकडं बघत म्हणाली, “आणि नळाचा दिवस?”

“ते माझ्यावर सोड,” मी म्हणालो.

एवढं मोठं वाक्य मी लग्नातही बोललो नव्हतो.

निघायच्या आदल्या दिवशी भास्कर टेम्पो घेऊन आला. तीन पोती. मधल्या खोलीत भिंतीशी उभी केली. पाणी प्यायला आणि पोत्यावर हात ठेवून म्हणाला, “आक्का, आपल्या रानाची ही शेवटची.” कुसुमनं पोत्याचं तोंड थोडं उसवलं, ओंजळभर दाणे काढले, वास घेतला आणि परत आत ओतले. एक दाणा खाली सांडला होता, तो वाकून उचलला. जाताना भास्कर मला म्हणाला, “दाजी, फरशीवर ठिवू नका. ओल धरती. खाली फळी टाका.”

“आल्यावर टाकतो,” मी म्हणालो. माझी बॅग भरायची राहिली होती, आणि फळी माळ्यावर होती, आणि माळ्यावर चढायला स्टूल लागतं, आणि स्टूल रुबीनाभाभींकडं होतं.

रुबीनाभाभी आमच्या शेजारीण. भिंतीला भिंत. किल्ली त्यांच्याकडं दिली आणि आम्ही निघालो.

ती होडी आठवली की पहिल्यांदा आठवतो तो तिचा संथपणा. वरच्या मजल्यावर लाकडी बाकं, डोक्यावर कापडी छत, आणि खालून इंजिनाची झोप येईल अशी घरघर. दोन्ही काठांना घरं, आणि घरांच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. एक बाई पायरीवर बसून भांडी घासत होती. घासलेलं पातेलं तिनं नुसतं पाण्यात बुडवलं, हलवलं, बाहेर काढलं. परत बुडवलं.

“बघा,” कुसुम माझ्या दंडाला धरून म्हणाली, “एक पातेलं तीनदा धुवायलीय! तीनदा!”

तिचा चेहरा मी बघत राहिलो. एकतीस वर्षांच्या संसारात तिला इतकं चकित झालेलं मी याआधी एकदाच पाहिलंय, मुलगी वर्गात पहिली आली तेव्हा. ती पार पुढच्या बाकावर जाऊन बसली, पदर वाऱ्यावर सोडून दिला. कुठं पाण्यात भिजत घातलेल्या नारळाच्या काथ्याच्या सोडणांचा कुजका वास येई, कुठं तळलेल्या मासळीचा. आम्ही शाकाहारी, पण तिनं नाकाला पदर लावला नाही. खांबावर एक पाणकावळा पंख पसरून उभा होता, वाळत घातलेल्या छत्रीसारखा. ती त्याच्याकडं बघून हसली. मला वाटलं, जमलं. बाबा रे, आयुष्यात एक गोष्ट तुला जमली.

दुपारी जेवण झालं आणि फोन वाजला. रुबीनाभाभी.

“भाईजान, तुमारे घर में से पानी भार आरा. दरवाजे के नीचे से.”

मी फोन घेऊन होडीच्या मागच्या बाजूला गेलो. “पाणी? आज तर सहावाच दिवस आहे भाभी.”

“पानी को बोलो तुम वो. नल चालू छोड के गए क्या?”

आणि मला सगळं दिसलं. निघताना रिक्षा दारात, मी स्वयंपाकघरात. आला की नाही बघू म्हणून मी तोटी सोडली. नळानं नुसती फुस्स हवा सोडली. कुसुमनं हाक मारली. मी निघालो. रोज पाणी येणाऱ्या गावातला माणूस असं कधीच करणार नाही. त्याची तोटी सोडली की पाणी येतं, म्हणून तो ती बंद करतो. कोरड्या तोटीचं बंद-चालू आमच्या गावच्या हाताला कळत नाही.

पण पाणी मोरीतून वाहून जायला हवं होतं. गेलं नाही, कारण घर बंद असताना झुरळं येतात म्हणून मी मोरीच्या भोकात कापडाचा बोळा ठोकला होता. चांगला घट्ट. मला त्याचा अभिमान होता. रेल्वेत दोनदा सांगून झालं होतं.

“भाभी, किल्ली आहे नं तुमच्याकडं? जरा उघडून तोटी बंद करा.”

“वोच तो बोलरी मैं. चाबी लगतीच नई.”

लागणार नव्हतीच. प्रवासाला जायचं म्हणून मी आदल्या दिवशी औरंगपुऱ्यातून नवं कुलूप आणलं होतं. दुकानदार म्हणाला होता, साहेब, हे फोडायला हत्ती लागतो. नव्या कुलपाच्या दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात होत्या, दोऱ्यात ओवून. भाभींना मी जुनीच दिली होती.

“ताला नया लगाए और चाबी पुरानी दिए?” भाभी म्हणाल्या. “मास्टर हो न तुम? बच्चों को क्या पढाए होंगे, अल्ला जाने.”

मग त्यांनी सांगितलं ते असं: त्यांचे मिस्टर कारखान्यात ड्यूटीवर; किल्लीवाला जुम्म्याच्या नमाजला गेलेला; बाहेरून पाणी तोडावं तर तो कॉक आमच्याच ग्रिलच्या आत. आणि मग होडी एका वळणावर वळली, आणि त्यांचा आवाज तुटला, आणि मोबाइलच्या पडद्यावरच्या रेघा एकेक करून विझल्या.

असहायता हा शब्द मी निबंधात पुष्कळ वेळा तपासलाय. शुद्धलेखनाच्या चुका काढल्यात त्यात. त्याचा अर्थ मला त्या दुपारी कळला. जमिनीवर असलं की माणूस निदान धावतो. धावून काही होत नसतं, पण धावल्याचं समाधान असतं, घाम येतो, लोक बघतात. होडीत धावायला जागा नाही. मी मागं गेलो, पुढं आलो, परत मागं. मागं जाताना मी उत्तरेकडं, म्हणजे घराकडं चालत होतो, आणि माझ्यासकट होडी दक्षिणेकडं. मी मनातल्या मनात हिशेब केला. कितीही भरभर चाललो तरी मी दक्षिणेकडंच जात होतो.

सुकाणूवर बसलेल्या म्हाताऱ्याला मी माझ्या इंग्रजीत विचारलं, मध्ये कुठं थांबेल का? त्यानं मान अशी हलवली की तिचा अर्थ हो, नाही आणि बिचारा असा तिन्ही निघत होता. “कोल्लम,” तो म्हणाला. आणि समोर बघू लागला.

थांबून तरी काय केलं असतं? त्या काठावरून आमचं घर दोन दिवसांच्या वाटेवर. पण त्या वेळी हे कळत नाही. चहूकडं पाणी होतं, इतकं की डोळ्यांत मावेना, आणि मी ज्या पाण्याचा विचार करत होतो ते माझ्या मधल्या खोलीत, फरशीवर, पोत्यांच्या बुडाशी हळूहळू चढत होतं. बारदान पाणी कसं पितं हे मला माहीत आहे. केशाकर्षण. आठवी, सामान्य विज्ञान. बदली तासाला मी तेही शिकवलंय.

“अहो, किती फिरायलात?” कुसुमनं हाक मारली. “बसा की!”

“पाय आखडलेत.”

“इकडं या. तो बघा कसा बुडी मारायलाय.”

मी तिच्याजवळ बसलो, पाणकावळा बघितला, छान म्हणालो, आणि डोळा मोबाइलवर. एका पुलाखाली रेघा उगवल्या. मी उठलो. आता एकच माणूस होता जो कुलूप फोडू शकत होता, आणि जगातल्या सगळ्या माणसांत तोच मला नको होता.

“भास्कर,” मी म्हणालो, “घरात पाणी शिरलंय. नळ चालू राहिला. कुलूप फोडावं लागंल.”

“आक्का कुठंय?”

“इथंच. तिला नाही सांगितलं.”

“किती वेळ झाला?”

“माहीत नाही.”

मग त्यानं विचारलं, “पोती फळीवर हायत नं, दाजी?”

मी शिकवताना पोरांना सांगायचो, उत्तर येत नसेल तर गप्प उभं राहू नये, काहीतरी बोलावं. मी गप्प उभा राहिलो. पुलाची सावली माझ्या अंगावरून सरकत गेली.

“बरं,” भास्कर म्हणाला. “निघतो.”

त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तरी हरकत नव्हती. मी माझ्यापुरत्या दिल्या, पण स्वतःला दिलेल्या शिव्या लागत नाहीत, त्यात नेम आपलाच असतो.

त्यानंतरचे तीन तास मी नीट सांगू शकत नाही. आठवतात ते तुकडे. शाळा सुटलेली पोरं छोट्या नावेतून घरी चाललेली. पाण्यात उभी केलेली मोठाली जाळी, बांबूला टांगलेल्या झुल्यासारखी. एक घार खाली येते, पाण्याला नखं लावते, रिकामी वर जाते. कुसुम प्रत्येक गोष्ट मला दाखवत होती आणि मी प्रत्येक गोष्टीला छान म्हणत होतो. सांगावं की सांगू नये? सांगितलं तर तिचा हा दिवस बुडतो. नाही सांगितलं तर ती ज्या आनंदात बसलीय तो खोटा, मी तिच्यासमोर मांडलेला. आणि दोन्हीकडून पोती भिजायची थांबत नाहीत. माझ्या हातात फक्त तिचा चेहरा होता. तो किती वेळ तसा ठेवायचा, एवढंच.

शेवटच्या मोठ्या सरोवरात होडी शिरली तेव्हा काठ लांब गेले. ऊन पिवळं झालं होतं. कुसुम स्वतःशी बोलल्यासारखी म्हणाली, “घरी गेलं की पहिली भाकरी त्या ज्वारीची. आबा असते तर म्हणाले असते, नव्या दाण्याचा पहिला घास भाच्याला. आपल्याला तर पोरगा नाही, लेकच. तिलाच पाठवू थोडी.” आबा म्हणजे तिचे वडील; ते रान त्यांनी फोडलेलं.

मग मात्र माझ्यानं राहवलं नाही. मी सांगितलं. तोटी, बोळा, कुलूप, भास्कर. ती ऐकत होती. मी थांबल्यावर तिनं एकच विचारलं.

“फळी?”

मी नाही म्हणून मान हलवली.

तिनं तोंड पाण्याकडं केलं. ओरडली असती तर मी समजूत काढली असती, ते मला येतं. ती नुसती बघत राहिली, डोळे भरून, तिनं म्हटलं होतं तसं. आणि उतरायला अजून एक तास होता. भांडण झालं की जमिनीवरची नवराबायको एकमेकांपासून उठून जातात. एक स्वयंपाकघरात, एक गॅलरीत. आम्हाला त्याच बाकावर बसावं लागलं. मागच्या एका गुजराती जोडप्यानं आग्रहानं आमचा फोटो काढला. तो आमच्याकडं आहे. ती पाण्याकडं बघतेय, मी खाली बघतोय, मागं सोन्यासारखं सरोवर. आलेले पाहुणे म्हणतात, किती शांत दिसता हो तुम्ही दोघं.

पुढची सहलही ठरलेली होती. कोल्लमच्या धक्क्यावर पाय टेकताच कुसुम म्हणाली, “घरी.” गाडीत दोन दिवस ती माझ्याशी बोलली, चहा घेता का, खिडकी लावा, पांघरूण कुठंय. पोत्यांचं काही नाही. मी माफीची वाक्यं जुळवत होतो. प्रत्येक वाक्य ‘मला वाटलं’ नं सुरू होत होतं, म्हणून खोडत होतो.

गल्लीत शिरलो तर ओट्यावरचे देशपांडे म्हणाले, “या मास्तर! सगळ्या गल्लीचं पाणी एकट्यानं जिरवलंत.” घर पुसलेलं होतं. रुबीनाभाभींनी हत्तीचं कुलूप माझ्या हातात दिलं, कडी-कोयंड्यासकट. “ताला तो अच्छा था,” त्या म्हणाल्या. “दरवाजा टूटा, ताला नई टूटा.” आणि मग हळू आवाजात कुसुमला, “भाई ऊपर है तुमारा. तीन दिन से है.”

गच्चीवर चार जुनी लुगडी अंथरली होती, त्यांवर ज्वारी. वरची कोरडी एकीकडं, भिजलेली दुसरीकडं, पातळ पसरलेली, आणि तिच्यात जागोजाग बारीक पांढरे मोड. आंबूस वास येत होता. भास्कर डोक्याला टॉवेल गुंडाळून हातानं दाणे उलथत होता. आम्हाला बघून उठला नाही.

“निम्मी वाचली, आक्का,” तो म्हणाला. “ह्या मोड आलेल्याची भाकरी व्हायची नाय, पीठ चिकटणार नाय. पर वाळवून, दळून ठिव. दुधात कालवून खाता येईल.”

“तू घरी नाय गेला?”

“घरी जाऊन काय करू? रान कुठंय?” त्यानं एक दाणा दाताखाली धरला, कुडकन वाजतो का पाहिलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, “खरं सांगू का दाजी, तीन दिस बरं गेले. पाखरं हाकली.”

माझी जुळवलेली सगळी वाक्यं ठेवायला जागाच नव्हती कुठं.

कुसुम बॅग तिथंच टाकून भावाशेजारी खाली बसली आणि मोड आलेले दाणे वेगळे करू लागली. थोड्या वेळानं भास्कर दोन घास खायला म्हणून खाली गेला. जाताना डोक्यावरचा टॉवेल माझ्या हातात दिला. तेवढ्यात कबुतरं उतरली. दहा-बारा असतील.

मी टॉवेल हलवला. “शू,” म्हणालो. एका कबुतरानं माझ्याकडं पाहिलं आणि ते परत टिपू लागलं. शाळेतल्या मागच्या बाकावरची पोरं असंच बघायची.

“वरडा की जोरात!” कुसुम म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. “माझ्या बापाचं दाणं खायलेत!”

मी ओरडलो. काय ओरडलो ते मला माहीत नाही, शब्द नव्हता तो. तीस वर्षं वर्गावर वापरलेला गळा पूर्ण उघडला. शेजारच्या गच्चीवर भाभी येऊन उभ्या राहिल्या, खाली देशपांड्यांनी वर बघितलं. कबुतरं उडाली, पाण्याच्या टाकीवरून एक चक्कर मारली आणि पलीकडच्या लुगड्यावर उतरली. मी तिकडं धावलो. ती उठली आणि अलीकडं आली. मी इकडं वळलो.

“थांबा,” कुसुम म्हणाली. गुडघ्यावर हात टेकून ती उठली, पदर खोचला. “तुम्ही तिथंच उभं राहा. ही बाजू मी बघते.”